भट्टी उकरण्याआधी दिशा टिपा

संपादक महाशय,

उत्खननात भट्टी किंवा आगीत जळालेल्या घराची जमीन लागली की मोजमापे आणि छायाचित्रे होतात. मग खालच्या थरात उतरण्यासाठी ती उकरून काढली जाते. त्याआधी, जागेवरची दिशा नोंदवलेले भाजलेल्या मातीचे नमुने घ्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

माती सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिच्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे जुने चुंबकत्व पुसले जाते. हेमॅटाइट या दुसऱ्या लोहखनिजाला सुमारे ६७५ अंश लागतात. निवताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता धरून ठेवतात. पृथ्वीच्या क्षेत्राची तीव्रता थेट मोजण्याची पद्धत जर्मन गणितज्ञ गाउसने १८३२मध्ये दाखवली. त्याआधीच्या हजारो वर्षांतले क्षेत्र जाणून घ्यायला अशी भाजलेली माती लागते. जेरुसलेममध्ये बॅबिलोनच्या सैन्याने केलेल्या इसवी सनपूर्व ५८६च्या विध्वंसात जळालेल्या इमारतीची जमीन अभ्यासकांना मिळाली. साल इतके पक्के असलेली नोंद क्वचितच हाती येते.

काम अवघड नाही. लालसर, कडक भाजलेला भाग निवडा. भोवतीची माती कोरून चार-पाच सेंटिमीटरचा उंचवटा ठेवा, पण बुडापासून सोडवू नका. माथ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, स्पिरिट लेव्हल लावून पृष्ठ सपाट करा आणि ते घट्ट झाल्यावर उत्तरेचा बाण कोरा. मगच नमुना कापा. नुसत्या होकायंत्रावर भिस्त नको: भाजलेली भिंतच सुई ओढते, जवळचे फावडेही ओढते. ऊन असेल तर सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवा आणि वेळ मिनिटापर्यंत लिहा. एकाच कोपऱ्यातून सगळे नमुने घेतले आणि तो कोपरा खचलेला असला, तर सर्व निष्कर्ष एकाच बाजूला चुकतील. म्हणून दहा-बारा नमुने, सगळीकडून.

तीव्रता काढणे जास्त जिकिरीचे. फ्रेंच शास्त्रज्ञ थेलिए दांपत्याच्या पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून, जुने चुंबकत्व किती गेले आणि ज्ञात चुंबकीय क्षेत्रात नवे किती आले, याची तुलना करतात. तापवताना खनिजेच बदलली तर उत्तर फसवे येते. म्हणून आधीच्या कमी तापमानाला परत जाऊन पडताळावे लागते. शिवाय मूळ भट्टी सावकाश निवलेली असते, प्रयोगशाळेत नमुना झटपट निवतो. या फरकाची दुरुस्ती केली नाही तर प्राचीन तीव्रता बहुधा खऱ्याहून जास्त भरते.

संरचना आधीच मोडली असेल, तरी विटांचे आणि खापरांचे तुकडे थर लिहून जपा. त्यांची दिशा गेली, तीव्रता मात्र अजून मोजता येते.

— पुराचुंबकत्वाचे अभ्यासक