दहा वेळा खासदार, तरी घरच्या कारभारात पाहुणा

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

पी. एम. सईद हे नाव तुमच्या मंत्रालयाला परके नाही. १९९३ ते १९९५ या काळात ते तिथेच राज्यमंत्री होते. लक्षद्वीपच्या आंद्रोत बेटावरचा हा माणूस १९६७ मध्ये अपक्ष म्हणून उभा राहिला आणि पंचविशीतच लोकसभेत पोहोचला. बेटांवरची ती पहिलीच थेट निवडणूक. त्याआधी तिथला खासदार राष्ट्रपती नेमत. सईद पुढे १९९९ पर्यंत ओळीने दहा वेळा निवडून आले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. २००४ मध्ये पडले, तेही फक्त ७१ मतांनी!

आता गंमत पाहा. पडूनही ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले, म्हणजे राज्यसभेची जागा हवी. पण लक्षद्वीपला विधानसभा नाही, म्हणून आमदार नाहीत आणि आमदार नाहीत म्हणून राज्यसभेची जागाही नाही. शेवटी त्यांना दिल्लीतून राज्यसभेवर घ्यावे लागले. जन्मभर बेटांचे राजकारण केलेल्या माणसाला संसदेत बसायला जागा मिळाली ती दिल्लीच्या नावावर.

आमच्याकडे कार्यकर्ता ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत, झेडपीत आणि नशीब असेल तर विधानसभेत जातो. लक्षद्वीपमध्ये पंचायतीनंतर एकदम लोकसभा, मधले काहीच नाही. खासदार दिल्लीत कितीही मोठा झाला तरी बेटांची राजधानी कवरत्तीत शेवटची सही प्रशासकाची आणि प्रशासक तुमच्या सल्ल्याने नेमला जातो. बोट, दवाखाना, शाळा, जेट्टी, कशाचेही गाऱ्हाणे असो, लोक खासदाराला गाठणार आणि खासदार प्रशासकाला पत्र लिहिणार.

२०२० च्या डिसेंबरात प्रफुल्ल खोडा पटेल प्रशासक म्हणून आले. (आमच्या गोंदियाचे नव्हेत, हे गुजरातचे माजी मंत्री.) पुढच्या मे महिन्यात जिल्हा पंचायतीकडची शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय ही खाती काढून प्रशासनाकडे घेतली गेली. सोबत विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा होता. त्यात जमीन ताब्यात घेण्याचे अधिकार इतके सैल होते की बेटांवर लोकांनी घराघरांत उपोषण केले. तेव्हाचे खासदार मोहम्मद फैजल राष्ट्रवादीचे होते. आपल्याकडचे घड्याळ तिथे २०१४ आणि २०१९ असे दोनदा चालले, हे इथल्या अनेकांना ठाऊकही नसेल. त्यांनी आवाज उठवला, पण आदेश मागे घेणे त्यांच्या हातात नव्हते. २०२४ मध्ये सईदांचे चिरंजीव हमदुल्ला काँग्रेसकडून पुन्हा जिंकले. पक्ष बदलला, खासदार बदलला, अधिकार होते तिथेच आहेत.

लोकसंख्या कमी, हे तुमच्या अधिकाऱ्यांचे पहिले उत्तर असेल. २०११ च्या जनगणनेत ती ६४ हजारांच्या आसपास होती, वस्ती दहा बेटांवर आणि जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. मान्य. पुदुच्चेरीसारखी विधानसभा तिथे कदाचित डोईजड होईल. गोवा केंद्रशासित असताना १९६३ मध्ये त्याला विधानसभा मिळाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, पण गोव्याची लोकसंख्या तेव्हाही याच्या कितीतरी पट होती. म्हणून मी विधानसभेचा हट्ट धरत नाही.

मागणी त्याहून साधी आहे. ती पाच खाती निवडून आलेल्या जिल्हा पंचायतीकडे परत द्या आणि ती पुन्हा नुसत्या आदेशाने काढता येणार नाहीत, अशी तरतूद नियमावलीतच करा. जमिनीविषयीचा कोणताही नियम पंचायतीच्या ठरावाशिवाय लागू करू नका. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. घटनेच्या २४० व्या कलमाने लक्षद्वीपसाठी नियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे आणि ती फाइल तुमच्याच टेबलावरून जाते.

कळावे,
आपला,
रत्नागिरीचा एक मतदार