बाबा, तुमची जुनी हिशोबाची वही

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मागच्या वेळी मी दोन दिवस आधीच निघाले आणि कामाची घाई आहे असे सांगितले. ते खरे नव्हते. आईच्या उशाशी औषधांचा डबा होता आणि त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचे सुरीने कापलेले अर्धे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेले होते. मी विचारले तेव्हा "अर्धीनेही भागते गं," एवढेच म्हणून आईने डबा मिटला. त्याच रात्री बाबांच्या टेबलावर अर्पणाच्या पाकिटांचा गठ्ठा दिसला. प्रत्येकावर तुमचा सभासद क्रमांक छापलेला होता आणि कोपऱ्यात बाबांच्या त्या सुबक अक्षरात 'बीज' असे लिहून पुढे आकडा घातलेला होता. मी त्या आकड्यांची बेरीज केली. मला तुमच्यासमोर रडायचे नव्हते, म्हणून मी निघाले. बेरीज मी येथे लिहीत नाही, कारण बाबांनी ती माझ्या आधीच केलेली असणार.

मी एक निर्णय घेतला आहे आणि तो घेऊन झाल्यावर तुम्हाला कळवते आहे, याची मला लाज वाटते. या महिन्यापासून मी तुमच्या दोघांच्या खात्यात एकरकमी पैसे पाठवणार नाही. औषधे महिन्याची महिन्याला, पूर्ण मात्रेत, घरपोच येतील. वीज, पाणी, फोन आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार मी येथूनच भरेन. बाबांच्या कानातल्या यंत्राची दुरुस्ती सहा महिने लांबली आहे, तिचीही व्यवस्था मी केली आहे. हातखर्चाची रक्कम वेगळी येईल आणि तिच्यातून रविवारी अर्पण किती द्यायचे हे सर्वस्वी तुमचे तुम्ही ठरवा. त्याबद्दल मी कधी एका शब्दाने विचारणार नाही. तुमचा हात आखडावा यासाठी मी हे करत नाही, हे कृपा करून समजून घ्या. दादाशी मी तीन वेळा बोलले, आठवडाभर नीट झोपले नाही, प्रार्थना केली, आणि तरीही मला दुसरा मार्ग दिसला नाही. खात्यात पैसे पडले की पुढच्या रविवारच्या आत ते कोठे जातात, हे आता आपल्याला सर्वांना माहीत आहे.

आई, पाळकांविषयी मी वाईट बोलते आहे असे तुला वाटेल. बाबांच्या शस्त्रक्रियेच्या रात्री ते पहाटेपर्यंत बाकावर बसून होते आणि मी पोहोचेपर्यंत त्यांनी तुला एकटे सोडले नाही. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी त्यांनी वेदीवरून बाबांच्या बरे होण्याची साक्ष सांगितली आणि तिच्याच शेवटी नव्या इमारतीच्या निधीचे आवाहन केले, तेव्हा तू माझा हात घट्ट धरला होतास. तुलाही ते खटकले होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, न देणाऱ्या घरावर शाप राहतो, असे ते बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातून सांगतात. बाबा, रविवार शाळेत तुम्हीच आम्हाला शिकवले होते की एखादे वचन वाचायचे तर त्याच्या आधीचे पान आणि नंतरचे पान वाचल्याशिवाय त्यावर बोलू नये. मलाखीचे पहिले दोन अध्याय मी पुन्हा वाचले. तेथे देवाचा मोठा राग याजकांवर, म्हणजे मंदिराच्या पुरोहितांवर, आहे. आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातला दशमांश म्हणजे धान्य, द्राक्षारस आणि तेल. तो देवासमोर कुटुंबाने आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी तृप्त व्हावे म्हणून गावात ठेवायचा. ज्या दशमांशातून म्हाताऱ्या माणसांची पोटे भरायची, त्याच्या नावाने म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या अर्ध्या व्हाव्यात, हे मला कोणत्याही वचनात सापडले नाही.

विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन अगदी क्षुद्र नाण्यांचा, दाखलाही ते वरचेवर देतात आणि आईचे डोळे प्रत्येक वेळी भरून येतात. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी वरचे वचन पाहा. विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना जास्त शिक्षा होईल, असे प्रभू म्हणतो, आणि लगेच समोर बसून ती गरीब बाई आपली सारी उपजीविका पेटीत टाकताना पाहतो. तो तिच्या श्रद्धेचा मान राखतो यात शंका नाही. पण तिच्याजवळचे सर्व काही घेणाऱ्या त्या व्यवस्थेबद्दल तो नुकताच काय बोलला होता, ते आपल्याला कधी वाचून दाखवले जात नाही.

सर्वांत जास्त मला मार्काचा सातवा अध्याय बोलतो, कारण तो माझ्यासारख्या मुलांसाठीच आहे. आईबापांच्या उपयोगी पडायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून त्यांना काहीच न करू देणाऱ्यांना येशूने सांगितले की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. बाबा, आईच्या औषधासाठी म्हणून मी जे पाठवते ते 'बीज' होऊन पाकिटात जाते, तेव्हा ते कुर्बानच होते. मी गप्प राहिले तर पाचवी आज्ञा मीच मोडते.

पाळकांना हिशोब विचारणे म्हणजे देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलणे, असे त्या दिवशी बाबा म्हणाले. बाबा, तुम्ही खजिनदार होता तेव्हाची ती लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. उपासना संपली की मागच्या खोलीतल्या टेबलावर थैल्या रिकाम्या व्हायच्या, तुम्ही दहा-दहा नाण्यांच्या चळती रचायचा, आणि दुसरे दोन जण येऊन बसल्याशिवाय पहिल्या नोटेला हात लावायचा नाही. मी टेबलाखाली बसून घरंगळलेली नाणी शोधून द्यायची. तिघांच्या सह्या झाल्या की महिन्याचा जमाखर्च दाराशी लागायचा आणि पाळकांचा पगारही त्यात एका ओळीत असायचा. कोणी विचारले की एवढी कटकट कशासाठी, तर तुम्ही करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडायचा. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी स्वतः एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कारण देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे चांगले ते त्याला करायचे होते. पौलाला ज्याचा कमीपणा वाटला नाही, त्याचा आपल्या पाळकांना का वाटावा?

जर्मनीत पापक्षमेची पत्रके विकणाऱ्या टेट्झेल या धर्मोपदेशकाची गोष्टही मी तुमच्याकडूनच ऐकली. ती पत्रके विकताना लोकांना सांगितले जात होते की पैसा रोमच्या संत पेत्राच्या मंदिरासाठी आहे. प्रत्यक्षात त्यातला निम्मा माइन्झच्या आर्चबिशपने पद मिळवण्यासाठी फुगर सावकारांकडून काढलेल्या कर्जाच्या फेडीला जात होता, आणि देणाऱ्या गरिबाला याचा पत्ता नव्हता. १५१७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने याविरुद्ध मांडलेल्या ९५ प्रबंधांतला ४६वा तुम्ही कधी काढून वाचा. ज्यांच्याजवळ गरजेपेक्षा अधिक नाही त्यांनी घरच्यांना लागेल ते राखून ठेवावे, पत्रकांवर ते उधळू नये, असे ख्रिस्ती लोकांना शिकवावे, असा त्याचा आशय आहे. पाचशे वर्षांपूर्वी हे जणू कोणी आपल्याच घरासाठी लिहून ठेवले आहे.

हे सर्व जुने झाले असे म्हणायला जागा नाही. १९८७ साली अमेरिकन धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले की मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला घरी बोलावून घेईल, आणि लोकांनी पैसे दिले. 'बीज पेरा, कापणी मिळेल' ही शिकवण जगभर पसरवण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. आपल्या पाकिटांवरचा तो शब्द तेथून चालत आला आहे. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचे पाळक काँग ही आणि त्यांचे पाच सहकारी २०१५ साली दोषी ठरले. लोकांनी इमारतीसाठी दिलेला पैसा खोट्या रोख्यांमधून फिरवून पाळकांच्या पत्नीच्या गायन कारकिर्दीवर खर्च झाला होता. तोही इमारत निधीच होता, बाबा, आणि देणारी माणसेही तुमच्यासारखीच भाबडी आणि भली होती.

अमेरिकेतले दूरचित्रवाणी-उपदेशक जिम बेकर यांच्याविषयी मात्र मी थोडे हळुवारपणे लिहिते. लोकांकडून हजार हजार डॉलर घेऊन त्यांनी आपल्या हॉटेलात आयुष्यभर दरवर्षी काही दिवस मुक्कामाची वचने दिली आणि जेवढ्या खोल्या होत्या त्याहून कितीतरी अधिक वचने विकली. १९८९ साली त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली आणि १९९४ साली ते सुटले. तुरुंगात बायबल सलग वाचल्यावर आपली समृद्धीची शिकवण चुकीची होती, असे त्यांनी १९९६ साली पुस्तक लिहून कबूल केले. लोभात सापडलेला पाळकही शेवटी माणूसच असतो आणि त्याला अडवणे ही त्याच्यावरही दया असते, असे मला ते वाचताना वाटले.

तुमचे आवडते अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहमही एकदा या पेचात सापडले होते. १९५० साली अटलांटातल्या सभांनंतर तेथील वर्तमानपत्राने त्यांचे हसरे छायाचित्र आणि शेजारी अर्पणाच्या पैशांच्या थैल्या, असे छापले. ग्रॅहम रागावले नाहीत, शरमले. त्यांनी आपल्यासाठी गोळा होणारे प्रेमार्पण बंद केले आणि संस्थेकडून ठरलेला पगार घेऊ लागले. प्रश्न विचारल्यावर पाळक काय करतो, एवढेच मी पाहणार आहे. म्हणून मी आपल्या मंडळीच्या कमिटीला नम्र पत्र लिहून इमारत निधीचा लेखापरीक्षण झालेला जमाखर्च मागितला आहे. पत्रात तुमचे नाव नाही, फक्त माझे आहे. कोणी तुम्हाला बोलले तर सांगा की मुलगी ऐकत नाही.

आई, तुझ्या बांगड्यांची गोष्ट तू कोणाला सांगत नाहीस, पण मी तेव्हा दारात उभी होते. छपराच्या वर्गणीत तू त्या घातल्यास आणि त्याच संध्याकाळी आपले जुने पाळक भिजत आले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "छप्पर थांबेल, बाई, मुलांची फी थांबणार नाही." त्यांच्या कोटाच्या कोपरावर तूच ठिगळ लावून दिले होतेस. मंडळी म्हटले की मला अजूनही तो रुमाल आठवतो, म्हणून मी मंडळी सोडा असे कधीच म्हणणार नाही. तुम्ही तेथेच जा, तुमच्या नेहमीच्या बाकावर बसा, आणि बाबांनी खालच्या पट्टीत गीत धरले की आईने नेहमीप्रमाणे वरच्या पट्टीत न्यावे.

आता मी जे सांगते ते दोघांनी नीट ऐका. घराच्या बक्षीसपत्राचा जो कच्चा मसुदा पाळकांनी ठेवून दिला आहे, त्यावर सही करायची नाही. एकदा नोंदणी झालेले बक्षीसपत्र परत फिरवणे फार कठीण असते. कोणी कितीही घाई केली तरी "मुलीला आणि वकिलांना दाखवतो," एवढेच म्हणायचे. मुदतठेव मोडायची नाही. बँकेकडून फोनवर आलेला गुप्त अंक (ओटीपी) कोणालाही, अगदी मंडळीच्या कार्यालयातल्या मुलालाही सांगायचा नाही. बाबांनी जुनी चष्म्याची काडी दोऱ्याने बांधणे आता पुरे करावे, नवा चष्मा मी करून आणते. आणि गुडघे दुखायचे थांबले नाहीत म्हणजे आईचा विश्वास कमी पडला, असे यापुढे कोणी म्हणाले तर तू त्यावर विश्वास ठेवायचा नाहीस. तुझे गुडघे आम्हाला उचलून जिने चढल्याने झिजले आहेत. मला गोवर झाला होता तेव्हा तू सलग किती रात्री मांडीवर घेऊन बसलीस ते मी विसरलेले नाही, आणि आज माझ्या हाताने तुझा डबा भरता येत नाही याचेच मला वाईट वाटते.

माझे शब्द कोठे टोचले असतील तर मला क्षमा करा. रागावला असाल तरी रविवारी उपासनेनंतर मी फोन करेन तो उचला, आणि बाबांनी कानाचे यंत्र लावूनच बोलावे, नाहीतर मला ओरडावे लागते आणि मी भांडते आहे असे वाटते. औषधांचे पहिले पार्सल गुरुवारपर्यंत येईल. तोवर त्या पुडीतले दोन अर्धे तुकडे एकत्र करून आईने आजची गोळी अख्खी घ्यावी आणि बाबांनी ती समोर बसून घ्यायला लावावी.

तुमची लाडकी,
मनू