मिस्त्री मामा, आईची खिडकी आता नीट लागते

मिस्त्री मामांना सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी मजुरी खिशात घालून तुम्ही गाडीला किक मारलीत आणि निघून गेलात. मला चार शब्दही धड बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण साताऱ्यात आता दुहेरी काचेच्या खिडक्या बऱ्याच घरांत दिसतात, आणि आमच्या आईनं जो गारठा सोसला तो दुसऱ्या कुणाच्या आईला सोसायला लागू नये असं वाटतं. तुम्ही मोबाइलवर वाचणार नाही हे ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या.

आमचं घर समर्थ मंदिराकडून यवतेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं थेट भिंतीवर आदळतं, फुलांच्या दिवसांत कासला निघालेल्या गाड्यांचा आवाज दिवसभर, आणि थंडीत रात्री डोंगरावरची गार पडून जड झालेली हवा उतारानं खाली येते. आईला दमा. म्हणून ३ वर्षांपूर्वी भिशीचे पैसे घालून चार खिडक्या बसवल्या. गाड्यांचा आवाज खरंच कमी झाला. गारठा मात्र तसाच. "पाठीत वारं शिरतंय गं," आई रोज म्हणायची आणि शाल पांघरून भिंतीकडं सरकायची. बसवणाऱ्यांनी फोन घेणं बंद केलं. दुसऱ्या एकानं येऊन बघितलं आणि चारही खिडक्या काढून नव्या घाला म्हणून सांगितलं.

तुम्ही आलात आणि हत्यारांच्या पिशवीला हातही लावला नाहीत. आधी देवघरातली उदबत्ती मागितलीत. दारं-खिडक्या बंद केल्यात, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावलात. पंखा घरातली हवा बाहेर काढतो, मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत येते, हे तुम्ही मला आणि आईला दोघींना समजावलंत. काचेच्या मधोमध धूर सरळ खाली उतरला. "ही फट न्हाय ताई, काच गार हाय म्हणून हवा खाली पडती." मग चौकटीच्या खालच्या कोपऱ्याशी उदबत्ती नेलीत आणि धूर एकदम खोलीत लोटला गेला. पलंगाच्या अगदी उशाशी. आईनं माझ्याकडं बघितलं. दोन वर्षं ती हेच सांगत होती, आणि तिच्या वयामुळं तिला थंडी जास्त वाजत असेल, असं मी धरून चालले होते. तिचं म्हणणं तुम्ही धुरानं दाखवून दिलंत, मामा. यासाठी तुमचे आभार कसे मानू हे मला अजून समजत नाही.

गारठ्याला काच कारण नव्हतीच. दोन काचा आणि मधली बंद हवा यांतून एका काचेच्या मानानं साधारण निम्मीच ऊब बाहेर जाते, पण कडेनं वारं येत असेल तर त्या काचेचा काय उपयोग? रबराची गॅस्केट, म्हणजे झडप आणि चौकट यांच्यातली फट बंद करणारी पट्टी, बसवताना ओढून ताणली होती. ती पुढं आखडली आणि कोपरे उघडे पडले. तुम्ही नवीन रबर न ताणता, उलट जरा जास्तच लांबीचं ठेवून, कोपऱ्यात तिरकं कापून बसवलंत. मग कागदाची पट्टी झडपेत धरून ओढून बघितलीत. जिथं ती सहज निसटली तिथल्या लॉकचे खुंटे अ‍ॅलन कीनं थोडे फिरवलेत, तेव्हा झडप चौकटीला घट्ट टेकली.

खरी गोम भिंतीत होती. चौकट आणि भिंत यांच्यामधे बोटभर पोकळी, आणि वरून नुसती सिलिकॉनची रेघ ओढलेली. धुळीवर मारलेलं सिलिकॉन धरत नाही. ते तुम्ही नखानं उचललंत तर सालीसारखं निघून आलं. ब्रशनं पोकळी साफ केलीत आणि कमी फुगणारा फोम भरलात. जास्त फुगणारा भरला तर चौकट वाकते आणि झडप अडकते, हे तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी येऊन जादा फोम कापलात आणि बाहेरून सिलिकॉननं झाकलात, कारण उघडा फोम उन्हानं पिवळा पडून भुगा होतो.

चौकटीला खाली बाहेरून असलेली भोकं मुंग्या येतात म्हणून मीच एम-सीलनं बुजवली होती. ती पावसाचं पाणी बाहेर जायची वाट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुलैत पाणी आत का साचत होतं, त्याचा उलगडा तेव्हा झाला. न रागावता तुम्ही तारेनं ती मोकळी केलीत.

आणि बाथरूम. आता हात लागलाच आहे तर तिथली वरची झडपही बंद करून टाका, असं मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, "गीझर कशाचा हाय?" गॅसचा, म्हटल्यावर सरळ नाही म्हणालात. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता खाली पडतो. मी पैसे देत होते, काम पाच मिनिटांचं होतं, तरी तुम्ही ते केलं नाहीत. त्या एका नकारासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. गीझर आता बाथरूमच्या बाहेर काढून घेतेय.

चौथ्या खिडकीच्या दोन काचांच्या मधे धुकं दिसतं. काचेचा सील गेलाय, बाहेरून काहीही लावून उपयोग नाही आणि चौकट बदलायचीही गरज नाही, फक्त काचेची जोडी बदलायची, असं तुम्ही सांगितलं होतंत. माप दिलंय. काच आली की फोन करते. येताना मामींनाही घेऊन या, आईनं मुद्दाम सांगितलंय. तिनं पलंग परत खिडकीशी घेतलाय.

तुमची,
यवतेश्वर रस्त्यावरची ताई