छर्रे मागवले, आला काडतुसं भरायचा प्रेस

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : भलताच ‘बिगिनर सेट’ माथी मारल्याबद्दल व १८,५०० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी नात नववीत आहे. नुकतीच ती १० मीटर एअर पिस्तूल शिकायला लागली. तिच्या सरांनी सांगितलं होतं, पिस्तूल सध्या क्लबचंच वापरा. छर्रे, टार्गेटचे कागद आणि डोळ्यांना चष्मा एवढंच घ्या. मला त्यातलं कळत नाही म्हणून तुमच्याकडे फोन करून विचारलं. ‘काका, बिगिनर सेट घ्या, सगळं त्यातच आलं,’ असं तुमचा माणूस म्हणाला. मी लगेच पैसे भरले. ती माझी चूक.

१२ तारखेला खोकं आलं, ते वर चढवायला वॉचमनला बोलवावं लागलं. एक छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. आत निघाला ओतीव लोखंडाचा हातप्रेस, तीन डाय म्हणजे पोलादी साचे आणि ग्रेन या बारीक मापात वजन दाखवणारा काटा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात २८ वर्षं मी टूलरूममध्ये काढली. डायवर ‘.३८’ हे काडतुसाचं माप कोरलेलं पाहिलं आणि उलगडा झाला. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं सामान आहे हे.

एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यात भरायचं काय? ४.५ मिलिमीटरचा शिशाचा एकसंध तुकडा तो. त्याला पुंगळी नाही, दारू नाही, ती पेटवणारी टोपी नाही. दाबलेली हवा ढकलते, झाला उडाला. आणि शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही. हे तुम्ही चौदा वर्षांच्या मुलीसाठी पाठवलंत!

परत न्या म्हटलं, तर ‘खोकं उघडलंय, रिटर्न होणार नाही.’ न उघडता आतली डाय मला कशी दिसणार होती? दुसऱ्या फोनला उत्तर मिळालं, ‘ठेवा काका, मोठी झाली की लागेल.’ या गृहस्थांना निदान आपण काय विकतो एवढं तरी कोणी सांगा.

काटा मात्र चांगला आहे. नात क्लबमधले छर्रे त्यावर तोलून सारख्या वजनाचे बाजूला काढते. त्याची किंमत कापून घ्या, काटा राहू दे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. १४ तारखेच्या माझ्या ईमेलची साधी पोचसुद्धा नाही. आठ दिवसांत सामान तुमच्या खर्चाने उचलून उरलेले पैसे खात्यात जमा करा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

प्रेस गॅलरीत ठेवला आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत न्या, गंजला तर जबाबदारी माझी नाही.

आपला,
एक ग्राहक
कोपरखैरणे, नवी मुंबई