गाडीला मेस्त्री मिळाला

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "नकली गाडीपायी एवढा खर्च आणि एवढा घोर कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबांसाठी इंजिनचे आकडे बरेच आहेत, ते तू गाळून वाचलेस तरी चालेल.

गाडीचं रूप पोर्शच्या 356 स्पीडस्टरचं आहे. ही जर्मन गाडी 1954 साली आली. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी कंपनीच्या मागेच लागून अमेरिकेसाठी एक उघडी, साधी, स्वस्त गाडी मागितली होती. तिची किंमत तेव्हा 3000 डॉलरच्या आत ठेवली. पुढची काच बुटकी, दारांना वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, छप्पर कामापुरतं. आज खरी स्पीडस्टर घ्यायची तर काही लाख डॉलर लागतात. माझ्या गाडीची बॉडी फायबरग्लासची आणि खाली फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2400 मिलिमीटर अंतर असतं, स्पीडस्टरच्या 2100. म्हणून तळ सुमारे फूटभर कापून पुन्हा वेल्डिंगने जोडलाय. पण बीटल आखली होती फर्डिनांड पोर्श यांनीच, आणि 1948 ची पहिली 356 सुद्धा बीटलच्याच भागांवर उभी राहिली. दोन्ही एकाच घरच्या. त्यामुळे मला तिच्यात खोटं काही दिसत नाही.

मात्र इथे कॅलिफोर्नियात मेस्त्री शोधताना हे रूपच आडवं आलं. पोर्शचं काम करणाऱ्या एका गॅरेजने गाडी आतसुद्धा घेतली नाही. आमच्याकडे खऱ्याच गाड्या येतात, म्हणाले. साध्या गॅरेजमधली मुलं चांगली होती, पण त्यांचा सगळा भरवसा कॉम्प्युटर जोडण्यावर, आणि या गाडीत कॉम्प्युटर जोडायला जागाच नाही. दोन कार्बोरेटर, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, प्लग, संपलं. मग एका बीटलवाल्याने सुचवलं, जुन्या बीटलचे पार्ट विकणाऱ्या दुकानात जा आणि काउंटरवर विचार, रोख पैसे देऊन सर्वांत जास्त माल कोण नेतं? तिथून या मेस्त्रींचा पत्ता लागला. अशी गाडी घेणाऱ्या कोणालाही मी आता हेच सांगते की माणूस इंजिन आणि सांगाडा बघून शोधा, वरच्या बॉडीवर जाऊ नका.

मेस्त्री सत्तरीचे, मूळ मेक्सिकोतल्या पुएब्लाचे. जगातली शेवटची जुनी बीटल 2003 साली तिथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. तिकडे तिला व्होचो म्हणतात. एकूण 2 कोटी 15 लाखांच्या आसपास गाड्या बनल्या, म्हणून पार्ट अजूनही मिळतात आणि परवडतात. मेस्त्रींनी गाडीच्या रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "कोणी बांधली?" मग पुठ्ठा टाकून खाली शिरले. मागच्या प्रत्येक अॅक्सलला दोन-दोन सांधे दिसले तेव्हा म्हणाले, तळ 1969 किंवा त्यानंतरचा आहे. पुढचे डिस्क ब्रेक करमन गिया या फोक्सवॅगनच्याच दुसऱ्या गाडीचे. बाबा, अशी गाडी बांधणाऱ्याने हाताला येईल त्या सालाचा माल घातलेला असतो, त्यामुळे कुठलंच एक पुस्तक तिला लागू पडत नाही. मेस्त्रींनी त्या दिवशी मला वही घालायला लावली. बेअरिंग कुठलं, ब्रेक पॅड कुठल्या गाडीचे, क्लचची केबल किती लांब, सगळं तिच्यात. पुढे कोणाच्याही हातात गाडी गेली तरी त्याला पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.

आता इंजिन. चार सिलिंडर, आडवे, समोरासमोर, गाडीच्या पाठीमागे. पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याची हवा आणि ऑइल यांच्यावरच थंड राहायचं. तुमच्या चेतकसारखाच पंखा, फक्त मोठा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 85.5 मिलिमीटर होता, कोणीतरी 90.5 चे सिलिंडर बसवले. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीच 69. हिशोब करून बघा, साधारण 1776 सीसी येतात. पंखा आणि जनरेटर एकाच बेल्टवर. बेल्ट तुटला की लाल दिवा लागतो, आणि मग "पुढच्या चौकापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद. जादा बेल्ट आणि पाना कायम गाडीत असतो.

ऑइल अडीच लिटर. मूळ रचनेत कागदी फिल्टर नाही, फक्त तळाला जाळी, म्हणून 3000 मैलांनी, म्हणजे 4800 किलोमीटरच्या आसपास, बदलायचंच. जाळीच्या झाकणाला सहा लहान नट आहेत, जोर लावला की आटे गेले. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तिला दाबणारा दांडा यांच्यातली, फट 0.15 मिलिमीटर, आणि इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी असलेल्या गाडीवर. ते काम आता मीच करते. कोल्हापुरात उद्यमनगरच्या शेडमध्ये तुम्ही ऑइल इंजिनची टॅपेट लावताना फिलर गेज, ती फट मोजायची पातळ पट्टी, किंचित अडकत सरकलं पाहिजे म्हणायचात, ती बोटांची ओळख इथे कामी आली. मेस्त्रींनी एकदा तपासलं आणि मान हलवली. फट किती निघाली तेही वहीत जातं. तीन नंबरचा सिलिंडर इतरांपेक्षा तापतो, कारण ऑइल कूलर त्याच्या हवेच्या आड येतो. तिथल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी होत गेली तर व्हॉल्व्ह ताणली जातेय असं समजायचं आणि हेड वेळेत खाली उतरवायचं. तुटून पिस्टनवर पडली तर इंजिनच गेलं. मला या गाडीत सगळ्यात जास्त हेच आवडतं, ती आपलं दुखणं आधी सांगते, पण नियमाने विचारणारं माणूस लागतं.

दिव्यांचा त्रास वेगळाच. फायबरग्लासमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर हवी. आधीच्या कामात ती अर्धवट होती, इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद. मेस्त्रींनी सगळ्या वायरी नव्याने ओढल्या, त्याचंच बिल मोठं आलं.

आई, आता तुझ्या काळजीचं. गाडीत एअरबॅग नाहीत, हे खरं आहे आणि मी ते तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून मी ती ट्रकच्या गर्दीत हायवेवर नेत नाही. रविवारी सकाळी वुडसाइड गावावरून वर स्कायलाइनच्या डोंगरात, मोकळ्या रस्त्याला, एवढंच. सीटचे पट्टे नवे आहेत, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलते. या गाड्यांना खरा धोका आगीचा. पेट्रोलचा पाइप सुकून चिरतो, खाली तापलेलं इंजिन, आणि त्याचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, पेटलं तर विझवणं अवघड. त्यामुळे सगळे पाइप इथल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे घातलेत, प्रत्येक जोडाला क्लिप आहे, आणि सीटमागे आग विझवायचा सिलिंडर आहे. पासिंगचे कागदही नीट आहेत. कॅलिफोर्नियात अशा बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमांतून वेगळी परवानगी मिळते, ती वर्षाला पहिल्या 500 जणांनाच. आधीच्या मालकाने ती घेऊन ठेवली होती.

मला घोर आहे तो मेस्त्रींचा. त्यांच्या हाताखाली कोणी नाही, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला. शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊन उभी राहते, हत्यारं देते, विचारते, लिहून घेते. दोन्ही कार्बोरेटरमधली हवा समान करणं अजून मला जमत नाही. ते मीटर लावतात, पण शेवटी कानाने ठरवतात. तुमचा कान तसाच आहे, बाबा. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय. त्यांनी विचारलंय की कोल्हापुरात व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह सरकते ती नळी) घट्ट बसवायला हेड किती तापवायचे? मला माहीत नव्हतं, तुम्हीच लिहा.

तुमचा व्हिसा अजून चालू आहे. एप्रिलमध्ये इथे पाऊस संपत आलेला असतो आणि ऊनही कडक नसतं. गाडीत दोनच सीट आहेत, त्यामुळे एकेकाला आळीपाळीने नेईन. आई, पहिली फेरी तुझी. गुडघ्यांची तपासणी झाली की तारखा कळवा, म्हणजे तिकिटं बघते.

तुमची लेक