रोबेरचं सगळं मी वाचलं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी बाबा ‘एमबीए कर’ म्हणाले आणि तू मधेच फोन ठेवलास. बाबा त्यानंतर बराच वेळ गॅलरीत उभे होते. बापलेकांच्या भांडणात मी पडत नाही, तुला ठाऊक आहे. पण फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालास ना, ‘स्तेफान रोबेर छत्तिसाव्या वर्षी जगात पन्नासावा झाला, मी तर आत्ता चोवीसचा आहे,’ ते काही माझ्या डोक्यातून जाईना. हा फ्रेंच टेनिसपटू मला नावानेही माहीत नव्हता. मग त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं, जुन्या मॅच शोधून पाहिल्या. ताई म्हणाली, ‘आई, तुला परीक्षा द्यायचीय का?’

तुझ्या दुखऱ्या खांद्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. तुझ्या रोबेरबद्दलच लिहिते.

माणूस मला फार आवडला. १९८० चा जन्म, पॅरिसच्या दक्षिणेला मोंतार्जी म्हणून गाव आहे तिथला. त्याच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान असलेले सिमाँ, त्सोंगा, मोंफिस, गास्के हे फ्रेंच खेळाडू मागून आले आणि बघता बघता पुढे निघून गेले. हा आपला खालच्या पायरीच्या चॅलेंजर स्पर्धा खेळतोय, मोठ्या स्पर्धेत शिरायला क्वालिफायिंग खेळतोय, आज या देशात तर पुढच्या आठवड्यात त्या. तिशी जवळ आली तेव्हा, २०१० मध्ये, जोहान्सबर्गला फायनलला पोचला आणि फेलिसियानो लोपेझकडून हरला. एकेरीत एटीपीचं, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांचं, विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

२०११ च्या फ्रेंच ओपनची ती मॅच तू मला पूर्वी सांगितली होतीस, तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि नीट ऐकलं नव्हतं. आता समजून घेतली. क्वालिफायिंगमधून आलेला, क्रमवारीत शंभराच्या बाहेरचा माणूस, समोर बर्डिच. आदल्याच वर्षी विम्बल्डनची फायनल खेळलेला. पहिले दोन सेट ३-६, ३-६ गेले. मी असते तर टीव्ही बंद केला असता. मग ६-२, ६-२, आणि पाचवा ९-७. पहिली फेरीच होती, पण स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांसमोर. एवढा एक दिवस मिळाला असता तरी मला त्याचं आयुष्य सार्थकी लागलेलं वाटलं असतं.

त्याला तर अजून मिळायचं होतं. २०१४, मेलबर्न. क्वालिफायिंगमध्ये हरला होता, बॅग भरून निघायचं तेवढं राहिलं होतं. कोलश्रायबरने माघार घेतली आणि त्या जागेवर याला घेतलं. तेहतीस वर्षांचा लकी लूझर, तीन मॅच जिंकून चौथ्या फेरीत. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुषांत त्याआधी कुठल्याही लकी लूझरला हे जमलं नव्हतं. तिसऱ्या फेरीत क्लिझानविरुद्ध पहिला सेट ६-० जिंकला बघ! पुढे मरेने हरवलं, पण मरेकडूनही एक सेट काढलाच. आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, छत्तीस पुरी झाल्यावर, पन्नासावा. म्हणजे तू बोललास त्यात खोटं काही नव्हतं. बाबांनाही मी हे वाचून दाखवलं. ते ‘हं’ म्हणाले, पण रात्री त्यांनी मुद्दाम विचारलं, बर्डिचच्या मॅचमधल्या पाचव्या सेटचा स्कोअर किती होता म्हणून.

पण एक सांगू? छत्तिसाव्या वर्षी पन्नासावा व्हायचं तर छत्तिसाव्या वर्षी हात डोक्याच्या वर जायला हवा.

लिहायचं नाही म्हटलं होतं, झालंच लिहून. तू व्हिडिओ कॉलवर असलास की मी तुझ्या तोंडाकडे कमी बघते. त्या दिवशी मागच्या फळीवरचा कॉफीचा डबा तू डाव्या हाताने काढलास. उजव्या हाताच्या अगदी समोर होता तो. वळून, वाकडा होऊन डाव्याने काढलास, आणि बोलणं मात्र जराही थांबू दिलं नाहीस. टी-शर्ट घालतानाही आधी उजवी बाही चढवून मग डोकं घालतोस, हेही पाहिलंय. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, आता तिसरं घेऊन तिथल्या क्लबकडून इंटरक्लब, म्हणजे क्लबाक्लबांतल्या, मॅच खेळायच्या म्हणतोस. इंजेक्शनने दुखायचं थांबतं रे. आत जे फाटलंय ते काही शिवलं जात नाही. आणि पावसाने जड झालेलं क्लेचं, म्हणजे मातीचं, कोर्ट, चिखलाने फुगलेले बॉल, त्यात दोन-दोन सेट सर्व्हिस. त्या क्लबने तुला खोली दिली, मॅचमागे पैसे दिले, त्यांचे उपकार आहेतच. पण खांदा तुझा आहे, क्लबचा नाही.

तुला आठवतं, जानेवारी २०१८? बालेवाडीला तू बॉलबॉय होतास. परीक्षा तोंडावर आणि शाळेत खोटं कारण सांगायला तू बाबांना तयार केलं होतंस. सिमाँ ८९ व्या नंबरचा, त्याने सेमीफायनलला चिलिचला घालवलं आणि फायनलला तो साडेसहा फुटांहून उंच अँडरसन. आम्ही वर स्टँडमध्ये होतो, माई पण शाल गुंडाळून आल्या होत्या. त्यांना तू नेमका कुठला ते कळेना, म्हणून प्रत्येक निळ्या पोराला त्या हात करत होत्या. घरी आल्यावर तू जेवताना ताटात बोटाने कोर्ट काढलंस आणि आम्हाला समजावलंस की सिमाँ स्वतःचा जोर लावतच नाही, समोरच्याचाच जोर त्याला परत देतो. ७-६, ६-२. बाबा आमटी वाढायची विसरून ऐकत होते. त्या रात्री ते मला म्हणाले, ‘याला दिसतं गं. बाकीच्यांना बॉल दिसतो, याला खेळ दिसतो.’ तुला त्यांनी हे कधी सांगितलं नसणार. रविवारी ‘एमबीए कर’ म्हणाले तेच आता लक्षात ठेवून बसशील.

फ्रान्समधल्या मुलाचं आणि तुझं एक नाही, हेही मला दिसतं. त्यांच्याकडे टेनिस फेडरेशनपाशी रोलाँ गारोसचा, म्हणजे फ्रेंच ओपनचा, पैसा आहे, घराजवळ क्लब आहेत, आठवड्याच्या आठवड्याला स्पर्धा आहेत. हरला तर ट्रेन पकडून रात्री घरच्या गादीवर. तू युरोपात राहायला मिळणारे नव्वद दिवस मोजत राहायचं, व्हिसा संपत आला की तंबू हलवायचा, आणि एम १५ च्या, त्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या, पहिल्या फेरीत हरलास की दीडेकशे डॉलर हातात. त्यात रॅकेटची तार बदलायची, खायचं, की डॉक्टरला द्यायचे? म्हणून तू एकही आठवडा सोडत नाहीस, मला कळतं. थांबलं की क्रमवारीचे पॉइंट गळतात आणि सगळं पहिल्यापासून. याच भीतीने तू एमआरआय पुढे ढकलतोयस, असं मला वाटतं.

तर ऐक. तू मला रोबेर दाखवलास, मी तुला पॉल-आन्री मातिय दाखवते. तोही फ्रेंचच, रोबेरहून दोन वर्षांनी लहान. तो एकदा बाराव्या नंबरपर्यंत गेला होता, त्यामुळे खेळाडू म्हणून जात वेगळी, मान्य. पण गुडघ्याच्या ऑपरेशनपायी २०११ चं अख्खं वर्ष तो खेळला नाही. अख्खं वर्ष, सोनू. क्रमवारीत अडीचशेच्याही खाली घसरला. २०१२ ला परत आला, फ्रेंच ओपनला आयोजकांनी दिलेल्या वाइल्ड कार्डवर खेळला, आणि दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या इस्नरला पाचव्या सेटमध्ये १८-१६ ने हरवलं. पाच तास एकेचाळीस मिनिटं, त्याच गुडघ्यावर. तो त्यानंतर २०१७ पर्यंत खेळला.

नियमही वाचलेत मी. दुखापतीमुळे सहा महिने किंवा जास्त खेळला नाहीस, तर एटीपीकडे अर्ज करता येतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी धरतात आणि परतल्यावर काही स्पर्धांत तिच्यावर प्रवेश मिळतो. तू आत्ता चारशेच्या घरात आहेस. आत्ता थांबलास तर ते चारशे धरले जातील. दुखऱ्या हाताने खेळून, हरून, सातशेवर जाऊन मग थांबलास तर सातशे. हा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करतोस, मग इथेच का अडतोस?

भाषण झालं. रागावू नकोस. तू एवढ्या लांब एकटा राहतोस, स्वतःचं स्वतः शिजवतोस, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोर्टवर जातोस, आणि मी इथे बसून तुला क्रमवारी शिकवतेय. पण आम्ही तुला खेळ सोड म्हणत नाही. बाबांनीही रविवारी ते मनातून म्हटलं नव्हतं. तू रात्री कुशीवर झोपू शकत नाहीस हे ताईच्या तोंडून निघून गेलं आणि ते घाबरले. घाबरले की ते नोकरीचं बोलतात. तू दहावीत ताप काढलास तेव्हाही बँकेच्या परीक्षांचे फॉर्म घेऊन आले होते.

इंटरक्लबला नाही म्हणून कळव. क्लबला वाईट वाटेल, वाटू दे. एमआरआय तिथे लवकर होत नसेल तर सरळ इकडे ये, डेक्कनला डॉक्टरांची वेळ मी बोलून ठेवलीय, तारीख तू सांगशील ती. ऑपरेशन लागलं तर लागलं. एक एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय, ती आम्ही पुन्हा ठेवणार नाही, हे बाबांनीच ठरवलंय. सहा महिने लागोत की वर्ष, त्यातून होईल. तू ‘परत करीन’ वगैरे त्यांच्यापाशी काढू नकोस, त्यांना ते सहन होत नाही.

तिकिटाचं बुधवारपर्यंत कळव, नंतर दर वाढतात. आणि फोन बाबांच्या नंबरवर कर, माझ्या नको.

तुझी,
आई