उजवा हात

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्री

ती. आई,
शि. सा. नमस्कार.

मी अगदी मजेत आहे, बाबांनाही सांग. परवा तू ‘उजवा हात दाखव बघू’ म्हणालीस आणि व्हिडिओ कॉल कट झाला, तो रेंजमुळे नाही. मीच कट केला. उजवा हात कोराच होता. डाव्यावर मेंदी मी काढली, उजव्यावर कोण काढणार? फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून हा कागद.

आता लगेच ‘पोरगी एकटी पडली’ म्हणून डोळ्याला पदर लावू नकोस. इथे आपली माणसं भरपूर आहेत. मलाच त्या दिवशी ऑफिसात उशीर झाला. आणि मेंदी तू दिलेलीच, सोजतची, मेतकुटाच्या पुडीशेजारची. काळे कोन मी घेत नाही. त्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं, फोड येतात, हे मला ठाऊक आहे गं.

एक गंमत सांगते. इथे दुकानात पैसे हातात देत नाहीत. गल्ल्यापाशी छोटी ताटली असते, तीत नोट ठेवायची, देवापुढे दक्षिणा ठेवतो तशी. बाई ती उचलणार, मोजणार, सुटे पुन्हा त्याच ताटलीत, सोबत पावती. पहिल्या आठवड्यात मी नोट हातात द्यायला गेले, तर तिने दोन्ही हातांनी ताटली पुढे सरकवली, इतक्या आदबीनं की मीच ओशाळले. यात तुसडेपणा नाही हं, उलट मानच आहे. पण आपली भाजीवाली कशी सुटे तळहातावर ठेवून वर आपली मूठ मिटवते! सकाळी तोझाई लाईनच्या गाडीत अंगाला अंग लागतं, तेही जो तो डोळे मिटून उभा. ते काही खरं नव्हे.

आषाढात तू परसातला पाला पाट्यावर वाटायचीस. बोटांना टोप्या, तळव्यावर एक गोल, नक्षीबिक्षी काही नाही. मग मी आणि मनू हात पसरून बसायचो आणि तू वरणभात भरवायचीस. नाक खाजलं तरी ‘आई, डावीकडे, अजून वर’. वैतागायचीस, पण खाजवायचीस. परवा डावा हात वाळेपर्यंत एका हाताने चहा करायला गेले, तर साखरेच्या बरणीचं झाकण उघडेना. बिनसाखरेचाच प्यायले. हसू आलं. खरंच, हसूच आलं.

बरं, दीड लाख पाठवलेत. येन घसरलाय, म्हणून ठरल्यापेक्षा कमी भरले. उरलेले जानेवारीत. हॉलवाल्याला तेवढं थांबवा, पण बाबांनी एफडी मोडायची नाही. रजेबद्दल साहेब ‘जरा अवघड आहे’ म्हणाले. इथे याचा अर्थ ‘नाही’ असाच. मनूला अजून बोलले नाहीये. तू सांग. नको, मीच सांगते. धाकटीचं आधी होतंय म्हणून काकू बोलतात, बोलू देत. नाशिकच्या स्थळाचा फोटो पाहिला, बरा आहे. मार्चमध्ये आले की बघू, असं कळवून टाक.

तुझी,
नीलू

ता. क. मेंदी सकाळी धुवायची नाही, नुसती खरवडायची, रंग दुसऱ्या दिवशी चढतो. मनूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले असतील, तिला कोण भरवणार ते आधीच ठरवून ठेव. काकूंवर सोडू नकोस, त्या बोलायला लागल्या की घास हातातच राहतो.